ॲनालॉग इनपुट मॉड्यूल सुरक्षितपणे बसवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीला (यंत्रं आणि प्रोसेस चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) एसएम १२३१ हे चार चॅनेलचं ॲनालॉग इनपुट मॉड्यूल जोडण्याबद्दल आहेत. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं मॉड्यूल असेल तर आकडे त्याच्या डेटाशीटमधून घ्या. कामाचा क्रम आणि सावधगिरी बहुतेक तीच राहते.

मॉड्यूल तर दहा मिनिटांत बसतं. मग एवढी तयारी कशाला?

कारण धोका मॉड्यूलमध्ये कमी आणि त्याच्या आकड्यावर चालणाऱ्या पंप-व्हॉल्व्हमध्ये जास्त असतो. तार सुटली की पीएलसीला काय दिसतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

चॅनेल ०-२० एमए (मिलिॲम्पिअर) रेंजवर असेल तर सुटलेली तार ० दाखवते. टाकी रिकामी आहे असं समजून पीएलसी पंप चालू करतो आणि टाकी भरून वाहते. तोच चॅनेल ४-२० एमएवर असेल तर एस७-१२०० मध्ये प्रवाह १.१८५ एमएच्या खाली गेल्यावर ते ‘वायर-ब्रेक’ समजलं जातं आणि आकडा येतो ३२७६७, म्हणजे थेट टोकाचा वरचा. आता टाकी तुडुंब भरली आहे असं वाटून पंप बंद होतो. बॉयलरच्या ड्रम लेव्हलला हेच झालं तर फीड वॉटर थांबतं आणि ड्रम कोरडा पडायला लागतो. अनेकजण ‘तार तुटली की शून्यच दिसणार’ असं गृहीत धरून लो-अलार्मवर विसंबतात. इथे लो-अलार्म वाजतच नाही.

म्हणून स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी कागदावर यादी करा: या मॉड्यूलवर कोणते लूप (ट्रान्समीटर, म्हणजे लेव्हल-प्रेशरसारखं माप प्रवाहात सांगणारं उपकरण, ते मॉड्यूल असा सिग्नलचा मार्ग) आहेत आणि त्यातला प्रत्येक कशासाठी आहे? नुसता डिस्प्ले, अलार्म, कंट्रोल की इंटरलॉक (धोका दिसला की यंत्र आपोआप थांबवणारी अट)? कंट्रोलचे लूप ऑपरेटरकडून मॅन्युअलवर घ्या. इंटरलॉक बायपास करायचा असेल तर शिफ्ट इनचार्जच्या सहीने, वेळ लिहून, आणि परत कधी लावणार तेही नोंदवून करा. तोंडी बायपास चालत नाही. जिथे जमेल तिथे फील्डमधला हँड व्हॉल्व्ह बंद करून त्यावर टॅग लावा.

प्लांट चालू ठेवून हे काम करता येईल का?

एस७-१२०० वर नाही. दोन कारणं आहेत. एक, सीपीयू (पीएलसीचं मुख्य युनिट) आणि मॉड्यूल यांच्यामधल्या बस कनेक्टरला चालू अवस्थेत हात लावायचा नसतो. मॉड्यूल जळू शकतं किंवा आउटपुट भलतंच वागू शकतं. दोन, नवं मॉड्यूल हार्डवेअर कॉन्फिगरेशनमध्ये घालून डाउनलोड करायला सीपीयू स्टॉपमध्ये न्यावा लागतो, आणि स्टॉपमध्ये गेला की डिजिटल आउटपुट सेटिंग बदललेली नसेल तर बंद होतात. ईटी २००एसपीसारख्या प्रणालीत चालू असताना मॉड्यूल बदलता येतं, पण ती वेगळी गोष्ट. साखर कारखान्यात असाल तर हे काम ऑफ-सीझनला करा, गाळप चालू असताना नको.

मेन स्विच ऑफ केला. आता पॅनेलमध्ये व्होल्टेज नाही असं समजायचं का?

अजिबात नाही. बंद केलेल्या पॅनेलमध्ये बाहेरून येणाऱ्या तारा जिवंत राहतात. एमसीसीमधून (मोटारींच्या स्टार्टरचं पॅनेल) आलेला इंटरलॉकचा २३० व्होल्टचा कॉन्टॅक्ट, यूपीएसची स्वतंत्र लाइन, पॅनेलमधला दिवा आणि पंखा, शेजारच्या पॅनेलमधून घेतलेली कंट्रोल सप्लाय, यातलं काहीही मेन स्विचच्या मागे नसू शकतं. ड्राइव्ह (मोटारीचा वेग बदलणारं उपकरण) त्याच पॅनेलमध्ये असेल तर त्याचे कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला वेळ लागतो. किती मिनिटं थांबायचं ते ड्राइव्हच्या अंगावरच छापलेलं असतं.

क्रम असा: इनकमर आणि यूपीएस फीडर दोन्ही बंद करा, कुलूप लावा, टॅग अडकवा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मग मल्टीमीटर आधी एखाद्या चालू सॉकेटवर लावून तो चालतोय याची खात्री करा, नंतर पॅनेलमध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा, आणि शेवटी मीटर पुन्हा चालू सॉकेटवर तपासा. ही तिसरी पायरी सगळे गाळतात. मधेच मीटरचा फ्यूज किंवा प्रोब गेला असेल तर ‘शून्य’ हा आकडा खोटा असतो. पेनासारख्या फेज टेस्टरवर जीव टांगू नका. पॅनेलच्या २३० व्होल्टच्या बाजूचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

ऑर्डर देण्याआधी काय पाहावं?

सिग्नल कोणता आहे ते पाहा. एसएम १२३१ चं चार चॅनेलचं साधं मॉड्यूल व्होल्टेज आणि करंट घेतं. पीटी१०० किंवा थर्मोकपल (दोन्ही तापमानाचे सेन्सर) थेट जोडायचा असेल तर त्यासाठी आरटीडी आणि टीसी अशी वेगळी मॉड्यूल्स आहेत. व्होल्टेज की करंट हे जोडीने ठरतं: चॅनेल ० आणि १ एका प्रकारचे, २ आणि ३ एका प्रकारचे. तीन ४-२० एमए आणि एक ०-१० व्होल्ट असा मेळ एका मॉड्यूलवर बसत नाही.

सीपीयूला जागा आहे का तेही बघा. १२११सी ला एकही सिग्नल मॉड्यूल जोडता येत नाही, १२१२सी ला दोन, १२१४सी आणि पुढच्यांना आठ. हे मॉड्यूल सीपीयूच्या ५ व्होल्ट बसमधून ८० एमए आणि २४ व्होल्टमधून ४५ एमए घेतं. आधीच बरीच मॉड्यूल्स असतील तर बेरीज करून पाहा.

पॅनेलमध्ये जागा कोणती आणि बसवायचं कसं?

सीपीयूच्या उजवीकडे, ३५ मिमीच्या डिन रेलवर. वर आणि खाली किमान २५ मिमी मोकळी जागा सोडा, कारण थंडावा हवेच्या नैसर्गिक प्रवाहानेच मिळतो. ट्रान्सफॉर्मरच्या किंवा ड्राइव्हच्या डोक्यावर बसवू नका.

हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि तो पॅनेलच्या अर्थला जोडा. सीपीयूच्या उजव्या अंगाचं बस कनेक्टरचं झाकण स्क्रूड्रायव्हरने काढा. ते फेकू नका, मॉड्यूल कधी काढलं तर लागतं. मॉड्यूल वरून रेलला अडकवा, सीपीयूला खेटवा, खालची क्लिप आत ढकला. आता मॉड्यूलच्या माथ्यावरचा छोटा टॅब स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने डावीकडे पूर्ण सरकवा. याच टॅबने बस कनेक्टर सीपीयूत शिरतो. तो अर्धवट राहिला तर मॉड्यूल रेलवर छान बसलेलं दिसतं, पण सीपीयूला ते सापडत नाही, आणि मग तासभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधली जाते.

टू-वायर आणि फोर-वायर ट्रान्समीटरच्या वायरिंगमध्ये नेमका फरक काय?

सगळ्यात जास्त चॅनेल याच गोंधळात जळतात.

टू-वायर ट्रान्समीटरला स्वतःची सप्लाय नसते, तो लूपमधूनच जगतो. २४ व्होल्टचा प्लस ट्रान्समीटरच्या प्लसला, ट्रान्समीटरचा मायनस मॉड्यूलच्या ०+ (चॅनेल ० चा प्लस) ला, आणि ०− हा २४ व्होल्टच्या मायनसला, म्हणजे एम ला. फोर-वायर ट्रान्समीटरला वेगळी सप्लाय असते आणि त्याचं आउटपुट बहुधा ॲक्टिव्ह असतं, म्हणजे प्रवाह तोच ढकलतो. त्याचा आउटपुट प्लस थेट ०+ ला आणि मायनस ०− ला. या लूपमध्ये २४ व्होल्ट घालायचे नाहीत. घातले तर दोन सप्लाया समोरासमोर येतात. काही फोर-वायर उपकरणांचं आउटपुट पॅसिव्हही असतं, म्हणून मॅन्युअलमधली आकृती बघितल्याशिवाय तार जोडू नका.

चुकून २४ व्होल्ट थेट करंट इनपुटवर गेले तर काय होतं? इनपुटचा रोध सुमारे २८० ओम. २४ भागिले २८० म्हणजे जवळजवळ ८६ एमए, आणि त्या इनपुटची मर्यादा ४० एमए. आतल्या चिमुकल्या रेझिस्टरवर दोन वॅट उष्णता पडते. चॅनेल लगेच मरेलच असं नाही. कधी तो जिवंत राहतो आणि कायमचा चुकीचा आकडा दाखवू लागतो. हे जास्त वाईट.

‘पण लूपला ५० एमएचा फ्यूज आहे ना?’ फ्यूज जरूर लावा, प्रत्येक लूपला वेगळा, फ्यूजवाल्या टर्मिनलमध्ये. पण तो कशासाठी आहे ते लक्षात घ्या. फील्डमध्ये एक केबल शॉर्ट झाली तर बाकीच्या लूपची २४ व्होल्ट सप्लाय बसू नये, हे त्याचं काम. ८६ एमएवर ५० एमएचा फ्यूज झटकन उडेल याची खात्री नसते, तोवर इनपुट भाजलेलं असतं.

लूपला २४ व्होल्ट पुरतात का, हे कसं काढायचं?

२० एमएवर मॉड्यूल स्वतः ५.६ व्होल्ट खातं. ०.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ३६ ओम, म्हणजे १०० मीटर जाऊन-येऊन ७.२ ओम आणि ०.१४ व्होल्ट. उरले १८ व्होल्टच्या वर. ट्रान्समीटरला किमान १० ते १२ व्होल्ट लागत असतील तर काम निवांत होतं. अडचण येते ती मध्ये ३०० ओमचा झेनर बॅरिअर (स्फोटाच्या धोक्याच्या भागात जाणारी ऊर्जा मर्यादित ठेवणारा) घातल्यावर. त्यात आणखी ६ व्होल्ट जातात आणि हातात जेमतेम १२ राहतात. मग लक्षण असं दिसतं: खालच्या रेंजमध्ये रीडिंग बरोबर, आणि १६-१७ एमएच्या पुढे आकडा सरकतच नाही.

केबल जोडीने पिळलेली आणि शील्डवाली हवी, आणि या मॉड्यूलसाठी १०० मीटरपर्यंतच.

शील्ड दोन्ही टोकांना अर्थ करायची का?

४-२० एमएच्या नेहमीच्या लूपसाठी फक्त पॅनेलच्या टोकाला. ट्रान्समीटरच्या टोकाला शील्ड कापून त्यावर हीट-श्रिंक चढवा, ती बॉडीला टेकता कामा नये. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये व्होल्टेजचा फरक असतोच, आणि दोन्ही टोकं जोडली की तो फरक शील्डमधून प्रवाह वाहवतो.

पॅनेलमध्ये शील्डची वेणी करून लांब शेपटीसारखी अर्थ बारपर्यंत नेण्याची पद्धत सर्रास दिसते. ड्राइव्हच्या उच्च वारंवारितेच्या नॉइजपुढे ती शेपटी निरुपयोगी ठरते. केबल आत शिरते तिथेच शील्ड मेटल क्लँपखाली सगळीकडून पकडा.

या मॉड्यूलबद्दल एक खास गोष्ट: त्याच्या फील्डच्या बाजूला सीपीयूपासून आयसोलेशन नाही, आणि सिग्नल अधिक कॉमन-मोड व्होल्टेज (दोन्ही तारांवर सारखंच चढलेलं) उणे १२ ते अधिक १२ व्होल्टमध्येच राहायला हवं. दोन वेगवेगळ्या इमारतींतले, स्वतःच्या सप्लायवर चालणारे फोर-वायर ट्रान्समीटर एकाच मॉड्यूलवर आणले की ही मर्यादा सहज ओलांडते. अशा लूपमध्ये सिग्नल आयसोलेटर घाला. त्याचा खर्च मॉड्यूल आणि एका शटडाऊनपेक्षा कमीच असतो.

मोटार आणि ड्राइव्हच्या केबलपासून निदान २०-३० सेंमी अंतर ठेवा. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. एकाच ट्रेमध्ये पन्नास मीटर शेजारी-शेजारी नेलेल्या केबलला कोणतंही फिल्टर वाचवत नाही.

लग आणि स्क्रूचं काय?

तारेचं टोक ६ मिमीच्या आसपास सोला, पिन लग क्रिंप करा, फेरूलवर (तारेवरची नंबरची नळी) ड्रॉइंगमधलाच नंबर घाला. टर्मिनलचा टॉर्क जास्तीत जास्त ०.५६ न्यूटन-मीटर. मनगटाच्या जोराने आवळलं तर आतला स्क्रू घसरतो. आवळल्यावर प्रत्येक तार हलकी ओढून पाहा.

नवी केबल टाकली आहे. मेगर (इन्सुलेशनची उच्च व्होल्टेजवर चाचणी) करू का?

करा, पण आधी मॉड्यूलचे टर्मिनल ब्लॉक उपसून बाजूला घ्या. ते निघतात, त्यासाठीच तसे बनवलेले आहेत. पलीकडे ट्रान्समीटरही सोडवा. मेगरचे ५०० व्होल्ट ३५ व्होल्टच्या इनपुटवर गेले तर चारही चॅनेल एकदम जातात. जवळपास वेल्डिंग चालू असेल तरीही ब्लॉक उपसलेलेच ठेवा.

टीआयए पोर्टलमध्ये (सीमेन्सचं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) कोणती सेटिंग चुकते?

पहिली, रेंज. ट्रान्समीटर ४-२० एमएचा आणि चॅनेल ०-२० वर राहिलेला. ओळखायची खूण: प्रेशर शून्य असताना कच्चा आकडा ५५३० च्या आसपास. ०-१० बारच्या ट्रान्समीटरला स्क्रीनवर २ बार दिसतात. मग कोणीतरी प्रोग्रॅममध्ये २ वजा करतो, शून्य बरोबर येतं आणि वरची सगळी रेंज बिघडते. वजाबाकी करू नका, रेंज बदला.

दुसरी, नॉइज रिजेक्शन. भारतात ते ५० हर्ट्झवर हवं. स्मूदिंग ‘वीक’पासून सुरू करा. ‘स्ट्राँग’ लावलं तर आकडा शांत दिसतो, पण फ्लो किंवा प्रेशरच्या जलद लूपमध्ये पीआयडी (मोजलेल्या आकड्यावरून आउटपुट सावरणारा कंट्रोलर) उशिरा जागा होतो आणि हेलकावे घेतो.

तिसरी, डायग्नोस्टिक्स. वायर-ब्रेक आणि ओव्हरफ्लो दोन्ही चालू ठेवा. शिवाय प्रोग्रॅममध्येही तपासणी हवी. नामूर एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ट्रान्समीटर स्वतःचा बिघाड ३.६ एमए किंवा त्याखाली, नाहीतर २१ एमए किंवा त्यावर जाऊन सांगतो. एस७-१२०० मध्ये याचे कच्चे आकडे उणे ६९१ आणि २९३७६. आकडा याच्या बाहेर गेला की किंमत ‘बॅड’ धरा, पीआयडी मॅन्युअलवर आणा आणि आउटपुट त्या प्रोसेसला सुरक्षित असेल तिथे न्या. ‘सुरक्षित’ म्हणजे उघडा की बंद, हे प्रोसेसवाल्यांना विचारूनच ठरवा.

पत्ता: पहिल्या मॉड्यूलला बहुधा आयडब्ल्यू९६ पासून मिळतो, मग ९८, १०० आणि १०२. स्केलिंगला (कच्चा आकडा खऱ्या एककात आणायला) नॉर्म_एक्स आणि स्केल_एक्स या सूचना, मर्यादा ० आणि २७६४८.

तपासणी कशी करावी?

लूप कॅलिब्रेटरने पाच बिंदू, आधी चढत आणि मग उतरत. ४ एमएला ०, ८ ला ६९१२, १२ ला १३८२४, १६ ला २०७३६, २० ला २७६४८. २५ अंश तापमानाला या मॉड्यूलची अचूकता पूर्ण रेंजच्या ०.१ टक्का, म्हणजे २८ आकडे इकडेतिकडे चालतात. लूपमध्ये पॅनेलची २४ व्होल्ट सप्लाय असेल तर कॅलिब्रेटर ‘सिम्युलेट’ मोडवर, नसेल तर ‘सोर्स’वर. उलट केलं तर पुन्हा दोन सप्लायांची टक्कर.

नंतर खरी परीक्षा: ट्रान्समीटरकडची एक तार काढा आणि स्क्रीनवर काय दिसतं, कोणता अलार्म येतो, आउटपुट कुठे जातं ते पाहून लिहून ठेवा. हे सगळ्या चॅनेलवर करा.

मल्टीमीटरने करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत टाका. एमएच्या भोकात राहिलेला प्रोब घेऊन कोणी २४ व्होल्ट मोजायला गेला की तो थेट शॉर्ट असतो.

आकडा नाचतो किंवा सरकतो. कुठे बघू?

सगळे चॅनेल एकदम उड्या मारत असतील तर मॉड्यूलची २४ व्होल्ट सप्लाय आणि तिचा एम बघा. ट्रान्समीटरची सप्लाय वेगळी असेल तर दोन्हींचे एम जोडलेले नसणं हे नेहमीचं कारण. दुसरा चॅनेल जोडताच पहिला सरकत असेल तर कॉमन-मोड किंवा ग्राउंड लूप. ड्राइव्ह चालू झाल्यावरच नाचत असेल तर शील्ड आणि केबलची वाट.

पावसाळ्यात टू-वायर लूप हळूहळू वर सरकत असेल तर फील्डमधला जंक्शन बॉक्स उघडा. ग्लँडमधून पाणी शिरलेलं असतं. ओल्या टर्मिनलवरून गळणारा प्रवाह ट्रान्समीटरच्या प्रवाहात मिसळतो, म्हणून रीडिंग वर जातं. कोकण किनाऱ्यावरच्या कारखान्यात मीठ आणि दमट हवा मिळून हे लवकर घडतं. बॉक्सच्या माथ्यावरून केबल आत घेऊ नका, खालून घ्या, आणि वापरात नसलेल्या भोकांना प्लग लावा.

सॉल्व्हंट किंवा गॅसच्या भागातला ट्रान्समीटर थेट जोडता येईल का?

नाही. मॉड्यूल सुरक्षित भागातल्या पॅनेलमध्येच राहील आणि इन्ट्रिन्सिकली सेफ (ठिणगी पडली तरी स्फोट होणार नाही इतक्या कमी ऊर्जेच्या) लूपमध्ये मधे बॅरिअर किंवा आयसोलेटर येईल. बॅरिअरचे व्होल्टेज, करंट आणि पॉवरचे आकडे ट्रान्समीटरच्या मर्यादेत बसतात का हे सर्टिफिकेटवरून जुळवा. केबलची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्सही त्या हिशेबात धरा. निळ्या (इन्ट्रिन्सिकली सेफ) केबलच्या आणि साध्या टर्मिनलमध्ये ५० मिमी अंतर ठेवा. भारतात अशा भागातल्या उपकरणांना पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना) मान्यता लागते, आणि या संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे.

बॉयलर ट्रिपसारखा सेफ्टी इंटरलॉक यावर घेऊ का?

साधं एसएम १२३१ फेल-सेफ नाही. अलार्म आणि कंट्रोलला वापरा. जीव वाचवणाऱ्या ट्रिपसाठी सिल रेटिंग (सुरक्षेच्या भरवशाची पातळी) असलेली स्वतंत्र यंत्रणा लागते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तर कशानेच वगळता येत नाही.

न वापरलेले चॅनेल मोकळे सोडले तर?

व्होल्टेज चॅनेल मोकळा सोडला तर तो अँटेनासारखा नॉइज पकडतो. त्याची दोन टर्मिनलं शॉर्ट करा. करंटचा मोकळा चॅनेल ०-२० एमएवर ठेवा किंवा त्याचं वायर-ब्रेक बंद करा, नाहीतर लाल दिवा कायम लुकलुकत राहतो आणि खरा बिघाड झाला तरी कोणी बघत नाही.

परत चालू करताना क्रम काय?

आधी टर्मिनल ब्लॉक उपसलेले ठेवून पॅनेल चालू करा आणि २४ व्होल्टची पोलॅरिटी ब्लॉकवरच मोजा. बरोबर असेल तर पुन्हा बंद करा, ब्लॉक बसवा, मग चालू करा. कॉन्फिगरेशन डाउनलोड करा, सीपीयू रनमध्ये न्या, प्रत्येक चॅनेलचा आकडा फील्डमधल्या गेजशी ताडून पाहा. ऑपरेटरने लूप एकेक करून ऑटोवर घ्यावा, सगळे एकदम नकोत.

फोर्स केलेल्या (हाताने लादलेल्या) किंमती काढा. लॅपटॉप बंद केला तरी फोर्स सीपीयूत तसाच राहतो. सीपीयूवरचा मेंटचा (मेंटेनन्स) पिवळा दिवा चालू असेल तर कुठेतरी फोर्स राहिलेला असू शकतो. बायपास रजिस्टरमधली प्रत्येक ओळ काढल्याच्या सहीने बंद करा. सुधारलेल्या ड्रॉइंगची प्रत पॅनेलच्या दारामागच्या खिशात ठेवा, आणि तार काढल्यावर कोणता चॅनेल काय दाखवतो याची यादी तिलाच टाचून ठेवा.